एक गराचं, एक रसाचं : घरच्या दह्यातली फळांची स्मूदी

भाची शिकायला नाशिकला आली आणि कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. सामान म्हणजे एक लहान फ्रिज आणि आईनं दिलेला मिक्सर. पंधरा दिवसांत तिचा फोन आला, "मावशी, सकाळी साडेसातला लेक्चर असतं, नाश्ता होतच नाही. दही-फळांची स्मूदी करून बघितली, पण कधी पाण्यासारखी होते, कधी आंबट. मग साखर घालते. तीन-तीन चमचे जातात गं." पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले. ओट्यापाशी उभं राहून आम्ही ती एका सकाळी तीनदा केली. तेव्हा तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. जिला किंवा ज्याला स्वयंपाकातलं फारसं येत नाही, त्यालाही हे जमेल.

साखर दोनच कारणांनी लागते. दही आंबट झालेलं असतं, नाहीतर फळ पुरतं पिकलेलं नसतं. ही दोन कामं नीट झाली की मिक्सरचं काम दोन मिनिटांचं. आणि साखरेकडे मी एवढं लक्ष का देते, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं आहे की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. यात मध आणि फळांचा गाळलेला रसही धरलेला आहे. तीन चमचे एका ग्लासातच गेले, तर चहाला काय उरलं?

फळ आणि दही एकत्र नको, असं घरातलं कुणी म्हणेलच. माझ्या सासूबाईही म्हणायच्या. मी त्यांना केळ्याच्या कोशिंबिरीची आठवण करून द्यायचे. केळं, दही, चवीला मीठ-साखर, वरून मिरचीची फोडणी. ती तर आपण सणाला वाढतो. दहीभातात द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे घालतो. तेव्हा ही जोडी आपल्या पानात आधीपासूनच आहे. तुमच्या प्रकृतीला दही सोसत नसेल, सर्दी-खोकल्याचा त्रास वाढत असेल, तर मात्र हट्ट करू नका.

दही

विकतचं दही चालतं का? चालतं. फक्त पाकिटावरची घटकांची यादी वाचा. दूध आणि विरजणाचे जिवाणू एवढंच असेल तर घ्या. फळांच्या चवीचं, गोड दही घेतलंत तर साखर आधीच आत आलेली असते. पण घरी विरजलेलं दही स्वस्त पडतं आणि मुख्य म्हणजे ते किती आंबट होऊ द्यायचं हे आपल्या हातात राहतं. खोलीवर राहणाऱ्यांनाही ते सहज जमतं.

अर्धा लिटर दूध उकळा आणि कोमट होऊ द्या. कोमट म्हणजे किती, तर स्वच्छ धुतलेली करंगळी बुडवून दहापर्यंत आकडे मोजता आले पाहिजेत. चटका बसला तर थांबा, बोटाला काहीच जाणवलं नाही तर थोडं गरम करा. थर्मामीटर असेल तर ४० ते ४३ अंश. लहान चमचाभर विरजण वाटीत दोन चमचे दुधात मोडून घ्या, मग सगळ्या दुधात मिसळा आणि भांडं झाकून ठेवा. त्यानंतर ते हलवायचं नाही. लागलं का, हे बघायला तिरकं करणंही नको.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं घ्या. तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकतं. मातीच्या गाडग्याचा फायदा असा की ते थोडं पाणी शोषून घेतं आणि दही घट्ट लागतं.

उन्हाळ्यात नाशिकला चार-पाच तासांत दही लागतं, आणि सातव्या-आठव्या तासाला आंबट व्हायला सुरुवात होते. म्हणून रात्री झोपण्याआधी विरजलं की पहाटे पाणी प्यायला उठाल तेव्हा फ्रिजमध्ये सरकवा. थंडीत उलटी गोष्ट. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत आपल्याकडे दही दहा-बारा तासांतही अधमुरंच राहतं. तेव्हा विरजण दीड चमचा घ्या आणि भांडं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात किंवा पोळ्यांच्या गरम डब्यात ठेवा. गरम डबा म्हणजे आतून उकळत्या पाण्यानं विसळून पुसलेला. भाचीनं पहिल्या थंडीत हेच केलं आणि तिचं दही सुरीनं कापावं असं लागलं.

दह्याला तार येत असेल, चमचा उचलला की चिकट धागा येत असेल, तर विरजण बदला. शेजारच्या काकूंकडून चमचाभर मागून आणा.

लागलेलं दही निदान दोन तास फ्रिजमध्ये राहू द्या. थंड दह्याला आंबटपणा कमी जाणवतो आणि ते घट्ट बसतं. स्मूदी आणखी दाट हवी असेल तर दही पंचात बांधून तासभर चाळणीवर ठेवा. श्रीखंडाच्या चक्क्यासारखं कोरडं करायचं नाही, वरचं सुटं पाणी गेलं की पुरे. हे खाली गळलेलं पाणी टाकू नका, पोळीची कणीक त्यात मळा. १०० ग्रॅम साध्या दह्यात साधारण ३ ते साडेतीन ग्रॅम प्रथिनं असतात. पाणी निथळलं की तेवढ्याच वजनात ती वाढतात, म्हणून व्यायाम करणारी मुलं बांधलेलं दही पसंत करतात.

फळं

माझं सूत्र सोपं आहे. एक गराचं फळ घ्यायचं आणि एक रसाचं. गराचं फळ स्मूदीला अंग देतं. केळं, आंबा, चिकू, पपई आणि सीताफळ ही गराची. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, संत्रं आणि डाळिंब ही रसाची, ती ताजेपणा आणि किंचित आंबटपणा देतात. नुसत्या रसाच्या फळांची स्मूदी पातळ होते आणि मग लोक आइस्क्रीम घालतात. नुसत्या गराच्या फळांची दोन घोटांनंतर नकोशी होते. तीन-चार फळं एकत्र घालायचा मोह आवरा, कशाचीच चव उरत नाही.

नाशिकमध्ये राहता तर फळं ऋतूप्रमाणे घ्या. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतला माल गाडी-गाडीवर असतो, पिंपळगाव बसवंतकडे जाताना रस्त्याच्या कडेलाही मिळतो. थंडीत सुरगाणा-कळवणकडची स्ट्रॉबेरी येते. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला किंवा बोरगावमार्गे सापुताऱ्याला गेलात तर ताजी खोकी मिळतात. सटाणा-मालेगाव-देवळ्याचं डाळिंब आहे. उन्हाळ्यात आंबा, पावसाळ्याच्या अखेरीस सीताफळ, आणि जळगावकडचं केळं बारा महिने. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा गणेशवाडीत सकाळी चक्कर टाकली तर त्या आठवड्यात काय भरात आहे ते भाव विचारल्याबरोबर कळतं. जे स्वस्त झालंय तेच बहुतेक वेळा सगळ्यात गोड असतं.

द्राक्षं घेताना घड देठाला धरून उचला आणि हलकेच झटका. मणी टपटप गळले तर माल जुना आहे. देठ हिरवा हवा, वाळून तपकिरी झालेला नको. आता मणी उजेडात धरून बघा. थॉमसन जातीचा गर्द हिरवा मणी दिसायला छान, पण आंबट निघतो. ज्याच्यावर पिवळसर, मधाळ झाक आलेली असते आणि ज्यातून उजेड जरासा आरपार दिसतो, तो गोड. मण्यावर पांढुरकी लव असते, तिला बरेच जण औषध समजतात. बोटानं पुसली की सारखी निघून जाणारी ती लव फळाचं स्वतःचं मेण असतं आणि ती ताजेपणाची खूण आहे. थेंब सुकल्यासारखे वेगवेगळे डाग असतील तर ते फवारणीचे. दोन्ही प्रकारांत धुणं सारखंच. एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून मणी देठापासून सोडवून १५ मिनिटं बुडवा, मग वाहत्या नळाखाली चोळून धुवा.

स्ट्रॉबेरीचं खोकं उलटं करून तळ बघा. वर मोठी लाल फळं आणि खाली चिरडलेली, असं फार वेळा होतं. देठाजवळ पांढरी असलेली फळं आंबट, आणि ती घरी आणून पिकत नाहीत. धुताना देठासकट धुवा, देठ नंतर काढा, नाहीतर आत पाणी शिरतं.

केळं सालीवर तपकिरी ठिपके पडलेलं घ्या. दुकानदार ती बाजूला काढून ठेवतात आणि कमी भावात देतात. स्मूदीला तीच हवीत. पिवळंधमक, टोकाला हिरवं केळं घातलंत तर जिभेला तुरटपणा येतो आणि हात साखरेकडे जातो.

डाळिंबाचे दाणे सरळ मिक्सरमध्ये घालू नका. बिया भरडल्या जातात, कडसर चव येते आणि दातांत कचकच राहते. ते वरून घाला, नाहीतर दोन झटके देऊन गाळून फक्त रस घ्या. संत्र्याच्या बिया आणि पांढरी सालपटं काढा, तीही कडू असतात. पेरूचा गर गाळावाच लागतो.

आणि पपई, किवी, अननस. या तिन्हींमध्ये दुधातली प्रथिनं फोडणारे घटक असतात. दह्यात मिसळून ठेवलं की तासा-दोन तासांत स्मूदी कडू होते. माझ्या मुलीला एकदा सकाळी पपईची स्मूदी बाटलीत भरून दिली होती. दुपारी बाटली तशीच परत आली. "आई, हे औषध आहे का?" मी चव घेतली, खरंच कडूजहर. दही नासलं असेल म्हणून मी ते सगळं ओतून दिलं, आणि खरं कारण पुढे कितीतरी दिवसांनी समजलं. या फळांची करायची तर केली की तिथेच उभ्या उभ्या प्या. डब्यात द्यायची असेल तर केळं, आंबा किंवा चिकू.

प्रत्यक्ष कृती

दोन ग्लासांचं प्रमाण देते. ठिपकेदार केळं एक, द्राक्षं एक वाटी भरून, घट्ट गोडसर दही दीड वाटी. बस. चिमूटभर मीठ घातलंत तर फळाची गोडी वर येते. पाणी, दूध, बर्फ, साखर यांतलं सुरुवातीला काही नको. या मापानं एका ग्लासात शंभर ग्रॅमच्या थोडं वर फळ जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसभराच्या आदर्श ताटात फळं १०० ग्रॅम धरली आहेत, म्हणजे दिवसाचं फळ सकाळीच झालं.

मिक्सरचं भांडं चटणीचं नको. लसणाचा वास रबरी रिंगमध्ये मुरलेला असतो आणि दह्याला तो लगेच लागतो. एकच भांडं असेल तर लिंबाची पिळलेली साल आत आणि झाकणाला चोळून, पाच मिनिटं ठेवून धुवा.

आधी द्राक्षं एकटी फिरवा. त्यांना पाणी लागत नाही, पहिल्या दोन झटक्यांत स्वतःचा रस सोडतात. पंधरा-वीस सेकंदांनी झाकण उघडून बघा. सालीचे तुकडे कडेला चिकटलेले दिसतील. ते चमच्यानं खाली ढकला आणि पुन्हा फिरवा. चमचा घालताना मिक्सरचं बटण बंद आणि भांडं खाली उतरवलेलं असावं. घाईत हे विसरलं जातं.

मग केळ्याच्या चकत्या आणि दोन चमचे दही घाला. आता झाकणावर तळहात दाबून धरा आणि आवाज ऐका. सुरुवातीला खडखड असते, मग ती भरीव घरघरीत बदलते आणि मिश्रणाच्या मधोमध भोवरा पडतो. भोवरा पडला की सगळं नीट फिरतं आहे. आवाज एकदम हलका, रिकामा झाला तर पात्याभोवती हवा अडकली आहे. थांबा, ढवळा, दोन चमचे पाणी घाला.

उरलेलं दही सगळ्यात शेवटी. ते वाटीत चमच्यानं मोडून घ्या आणि घालून फक्त तीन-चार झटके द्या. बहुतेक जण सगळं एकदम घालून दोन मिनिटं फिरवतात, आणि तिथेच स्मूदी बिघडते. साईसकट दही जास्त फिरलं की त्याचं ताक होतं, वर फेस येतो, लोण्याचे बारीक कण सुटतात. भाचीची पाण्यासारखी स्मूदी याच कारणानं होत होती. दही तेच, फळ तेच, फक्त दही शेवटी घातलं आणि चमचा उभा राहील असा दाटपणा आला. तिनं दोन्ही ग्लास शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात बघितले, एकावर बोटभर फेस आणि खाली पाणी, दुसरा वरपासून खालपर्यंत एकसारखा.

थंडावा हवा असेल तर बर्फाऐवजी गोठवलेलं फळ वापरा. बर्फ विरघळून चव पातळ करतो, आणि घरच्या साध्या मिक्सरच्या पात्यालाही मोठे खडे सोसत नाहीत. मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त झाली की धुऊन, कोरडी पुसून ताटात एकेरी पसरून फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाली की पिशवीत भरा. केळ्याच्या चकत्याही तशाच. आधीच पिशवीत कोंबलीत तर एक दगड तयार होतो. मिक्सरमध्ये घालण्याआधी पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे मोटारीवर ताण येत नाही.

चव घ्या. गोडी कमी वाटली तर पहिला उपाय म्हणजे आणखी अर्धं केळं. दुसरा आपल्याच जिल्ह्यातला, बेदाणे. आठ-दहा बेदाणे रात्री पाण्यात भिजवून सकाळी द्राक्षांबरोबर फिरवा, त्यांच्याबरोबर तंतूही पोटात जातात. मध घालायचा तर अर्धा चमचा, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. दही आंबट निघालं असेल तर त्यात साखर लोटण्यापेक्षा त्याची कढी करा, स्मूदी उद्या.

पोटभरीची हवी असेल तर

नुसती स्मूदी अकरा वाजेपर्यंत टिकत नाही, ही भाचीची पुढची तक्रार. मी तिला नागली, म्हणजे नाचणी, सुचवली. पेठ-सुरगाण्याकडची नागली इथे सहज मिळते. दोन चमचे पीठ पाऊण वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर पाच मिनिटं शिजवायचं, गार करायचं आणि केळ्याबरोबर फिरवायचं. कच्चं पीठ घालू नका, पोट फुगतं. चिकू-नागली-दही ही जोडी मला सगळ्यात आवडते, थोडी वेलची घातली की कुणाला आत पीठ आहे हे ओळखू येत नाही. भाजलेल्या जवसाची पूड एक चमचाही चांगली, किंवा दहा मिनिटं भिजवलेला सब्जा वरून. रोज सगळंच घालायची गरज नाही.

मधुमेह असलेल्यांनी स्मूदी जेवणाच्या वर जादा म्हणून घेऊ नये. फळ निम्मं आणि दही दुप्पट करा, गाळू नका, आणि किती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर केळं आणि दही दोन्हींबद्दल आधी विचारावं. आणि सगळ्यांसाठीच, घटाघटा पिण्यापेक्षा चमच्यानं खाल्लेली स्मूदी जास्त समाधान देते. चावून खाण्याचं फळ मिक्सरनं आधीच बारीक केलेलं असतं, तेव्हा निदान वेळ तरी द्या.

केलेली स्मूदी लगेच संपवा. डब्यात न्यायची तर काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड करून, आणि दोन-तीन तासांत प्या. एप्रिल-मेमध्ये बाहेर तेवढाही वेळ ठेवू नका. केळ्याची स्मूदी वरून तपकिरी पडते, ती बिघडलेली नसते. अर्ध्या लिंबाचा रस घातला तर रंग टिकतो.

भांडं रिकामं झाल्याबरोबर त्यात ग्लासभर पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवा. वाळू दिलंत तर पात्याखालचा केळ्याचा थर निघता निघत नाही. झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवा.

आणि दही मिक्सरमध्ये ओतण्याआधी एक चमचा वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. उद्याचं विरजण तेच. भाचीनं आता फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावली आहे, "आधी विरजण काढ."